टाकीचं झाकण उघडण्याआधी

प्रति,
मा. सरपंच, ग्रामपंचायत लोणी काळभोर
मा. सरपंच, ग्रामपंचायत कदमवाकवस्ती
ता. हवेली, जि. पुणे



२ मार्च २०२२ हा दिवस आपण विसरला नसाल. आदल्या दिवशी महाशिवरात्र होती. त्या दिवशी कदमवाकवस्तीतल्या एका रहिवासी इमारतीची सेप्टिक टाकी उपसताना चार माणसांचा गुदमरून मृत्यू झाला. त्या चौघांची नावं मी इथे लिहीत नाही. त्यांच्या घरच्यांना ती पुन्हा छापील कागदावर वाचायला लागू नयेत, असं मला वाटतं. पण त्या टाकीबद्दल मला लिहायचं आहे. तिच्या तोंडाशी त्या दिवशी तळहाताएवढं एक यंत्र असतं, तर पहिल्या माणसाचा पाय आत पडण्याआधीच ते ओरडलं असतं.

मी आपल्याच भागातला. सोलापूर रस्त्यावरच्या एका रासायनिक कारखान्यात इन्स्ट्रुमेंट विभागात एकतीस वर्षं नोकरी केली आणि निवृत्त झालो. प्रेशर गेज, थर्मोकपल, कंट्रोल व्हॉल्व्ह यांच्याबरोबर गॅस डिटेक्टर सांभाळणं हे माझं काम होतं. त्यामुळे या पत्रात जे लिहितो आहे ते हाताखालून गेलेलं आहे.

बाहेरगावच्या माणसाला लोणी म्हटलं की तेल कंपन्यांचे डेपो आणि महामार्गाच्या कडेला लागलेल्या टँकरच्या रांगा आठवतात. या डेपोंच्या बाबतीत देशाने एक धडा फार महाग घेतला आहे. २९ ऑक्टोबर २००९ रोजी जयपूरजवळ सीतापुऱ्याच्या तेल डेपोत पेट्रोल गळलं. त्याची वाफ जमिनीलगत तासाभराहून जास्त वेळ पसरत राहिली आणि मग तिचा स्फोट झाला. अकरा माणसं गेली. त्यानंतर नेमलेल्या एम. बी. लाल समितीने सुचवलेल्या गोष्टींमध्ये हायड्रोकार्बन डिटेक्टरही होते, म्हणजे वाफ पेट घेण्याइतकी साचण्याआधी धोक्याची घंटा वाजवणारी यंत्रं. तेल डेपोत असं यंत्र हवं की नको, यावर आज कुणी वाद घालत नाही. त्याच शिवारात, त्याच हवेखाली, सोसायटीच्या सेप्टिक टाकीत मात्र आपण माणूस उतरवतो तेव्हा त्याच्या हातात बादली आणि कमरेला फार तर एक दोर असतो. बहुतेक वेळा दोरही नसतो.

टाकीत काय असतं ते आधी सांगतो, कारण यंत्र कोणतं घ्यायचं हे त्यावरच ठरतं.

बंद टाकीत मैला कुजतो तेव्हा मुख्यतः मिथेन, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन डायऑक्साइड तयार होतात. ऑक्सिजन कुजण्यात खर्च होतो आणि उरलेला या वायूंनी बाजूला ढकलला जातो. मिथेन हवेपेक्षा हलका असल्याने वरच्या बाजूला, झाकणाखाली साचतो. हवेत तो पाच ते पंधरा टक्के झाला की एका ठिणगीने पेट घेतो. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, म्हणून तळाशी राहतो. त्याचा सडक्या अंड्यासारखा वास सगळ्यांच्या ओळखीचा आहे आणि घात तिथेच होतो. हा वास अगदी थोड्या प्रमाणातही येतो. पण हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे शंभरेक भाग झाले, म्हणजे प्रमाण शंभर पीपीएमपर्यंत गेलं, की काही मिनिटांतच नाक बधिर होतं आणि वास येईनासा होतो. माणसाला वाटतं, गॅस निघून गेला. पाचशेच्या पुढे भोवळ येऊन माणूस कोसळतो आणि हजाराच्या आसपास दोन-चार श्वासांत सगळं संपतं. वास गेला म्हणून उतरलो, असं सांगायला तो माणूस उरत नाही.

आपल्याकडे जुन्या विहिरीत उतरण्याआधी पेटता कंदील सोडून बघायची रीत होती. कंदील विझला की उतरायचं नाही. आपल्या आजोबा-पणजोबांची ही रीत मला मूर्खपणाची वाटत नाही. ऑक्सिजन फार खाली गेला की ज्योत विझते, एवढं ती खरं सांगायची. पण त्या ज्योतीला हायड्रोजन सल्फाइड दिसत नाही. पाचशे पीपीएमच्या पुढेही कंदील तेवत राहील आणि माणूस पडेल. शिवाय मैल्याच्या टाकीत, जिथे मिथेन आहे, तिथे पेटता कंदील किंवा काडी नेणं म्हणजे स्वतःच्या हाताने स्फोट घडवणं. विहिरीची रीत टाकीला लावू नका, हे घरोघरी सांगायची वेळ आली आहे.

झाकण दोन तास आधी उघडून ठेवलं की झालं, ही दुसरी समजूत. झाकण उघडायलाच हवं, ब्लोअर लावून हवा आत फेकायलाही हवी. पण हायड्रोजन सल्फाइड गाळात मुरलेला असतो. वरची हवा स्वच्छ दिसते, मग माणूस आत पाय टाकतो, फावड्याने गाळ ढवळतो आणि दडलेला वायू एकदम बाहेर पडतो. म्हणून उतरण्याआधी एकदा मोजलं एवढ्यावर भागत नाही. काम चालू असेपर्यंत मोजत राहावं लागतं, आणि आत कुणी असेल तर त्याच्या छातीवर, नाकाजवळ, चालू यंत्र असावं लागतं.

आता यंत्राबद्दल. बाजारात खिशात मावणारे, एकाच वायूचे डिटेक्टर मिळतात आणि ते स्वस्त असतात. सेप्टिक टाकीसाठी ते घेऊ नका. फक्त हायड्रोजन सल्फाइड मोजणारं यंत्र ऑक्सिजन संपलेल्या टाकीतही गप्प बसेल. आपल्याला लागतो तो चार वायूंचा डिटेक्टर. तो ऑक्सिजन, ज्वलनशील वायू, हायड्रोजन सल्फाइड आणि कार्बन मोनॉक्साइड मोजतो. कार्बन मोनॉक्साइड कशाला, असं एका ग्रामसेवकांनी मला विचारलं होतं. टाकीच्या तोंडाशी उपसा करणारा पंप किंवा टँकरचं इंजिन धडधडत असतं आणि त्याचा धूर वारा टाकीत ढकलतो. कार्बन मोनॉक्साइड येतो तो या धुरातून. त्याला वासच नसतो.

यंत्र नळीचं आणि पंपाचं हवं. म्हणजे झाकणाच्या बाहेर उभं राहून, नळी आत सोडून, आतली हवा ओढून मोजता येते. नुसत्या छातीवर लावायच्या यंत्राने मोजायला माणसालाच आत जावं लागतं, मग मोजण्याला अर्थ काय राहिला? नळी सोडताना वर, मधे आणि तळाशी अशा तीन ठिकाणी थांबायचं, कारण वायू वजनाप्रमाणे थर करून बसतात. प्रत्येक ठिकाणी घाई करायची नाही. नळीच्या दर फुटाला तीन सेकंद धरा आणि त्यावर सेन्सर स्थिर व्हायला लागणारा वेळ मिळवा. यंत्राच्या पुस्तिकेत याहून जास्त सांगितलं असेल तर ते पाळा. नळीचं टोक गाळात बुडू द्यायचं नाही. पाणी ओढलं की पंप बसतो, म्हणून टोकाला पाणी अडवणारा फिल्टर लावतात. तो हरवला की यंत्र वापरायचं नाही.

यंत्रावर स्फोटक वातावरणात वापरायला सुरक्षित असल्याचं प्रमाणपत्र असलं पाहिजे. ज्या यंत्राने ठिणगीचा धोका सांगायचा त्यानेच ठिणगी टाकली तर कसं चालेल! भारतात ही मान्यता पेट्रोलियम आणि विस्फोटक सुरक्षा संघटना, म्हणजे पेसो, देते. तिचं मुख्यालय आपल्याच राज्यात, नागपूरला आहे. खरेदी करताना नुसतं दरपत्रक मागू नका, हा कागदही मागा.

पडद्यावरचे आकडे कसे वाचायचे यावर जरा थांबतो, कारण इथे शिकलेली माणसंही फसलेली मी पाहिली आहेत. स्वच्छ हवेत ऑक्सिजन २०.९ टक्के असतो आणि यंत्र १९.५ ला ओरडतं. समजा टाकीत आकडा २०.४ दिसला. यंत्र गप्प आहे, म्हणून मुकादम म्हणतो, चला, फरक अर्ध्याचाच आहे. पण हवेत ऑक्सिजन साधारण एक पंचमांश असतो. तो अर्ध्या टक्क्याने घटला याचा अर्थ दुसरा कुठला तरी वायू आत शिरून हवेला बाजूला सारतो आहे आणि तो सुमारे अडीच टक्के आहे. अडीच टक्के म्हणजे पंचवीस हजार पीपीएम. तो वायू कोणता हे कळेपर्यंत आत कुणी जायचं नाही. मी माझ्या हाताखालच्या पोरांना सांगायचो की २०.९ पेक्षा एक दशांशही कमी दिसला तर आधी कारण शोधा, मग पुढे बघू.

आणि यंत्र सुरू करायची जागा. ते चालू करताना स्वच्छ हवेत शून्यावर आणतात. टाकीच्या तोंडाशी किंवा टँकरच्या सायलेन्सरजवळ उभं राहून शून्य केलं, तर तिथल्या विषारी हवेलाच ते स्वच्छ समजून बसतं. वारा जिकडून येतो त्या बाजूला, टाकीपासून लांब जाऊन चालू करा.

आता जी गोष्ट सांगतो ती मला अजून सलते. कारखान्यात एका रिअॅक्टरमध्ये वेल्डिंग करायचं होतं. परवान्यावर सही करायला मी गेलो. डिटेक्टरने ज्वलनशील वायू शून्य दाखवला. पेन उघडलं होतं, पण सवयीने आधी टेस्ट गॅसचं नळकांडं जोडलं. माहीत असलेला मिथेन मी यंत्रात सोडत होतो आणि पडद्यावर शून्यच होतं. आदल्या आठवड्यात कुणीतरी डिटेक्टर ठेवायच्या टेबलावर बेल्टवर सिलिकॉनचा स्प्रे मारला होता आणि त्या वाफेने सेन्सरमधला मणी मेला होता. मेलेल्या सेन्सरचा शून्य आणि स्वच्छ हवेचा शून्य पडद्यावर सारखेच दिसतात. दुसरं यंत्र आणलं तेव्हा त्याने आत वाफ असल्याचं दाखवलं. त्या दिवशी मी नळकांडं जोडलं नसतं तर माझ्या सहीवर दोन फिटर आत गेले असते. त्यांची लेकरं माझ्या मुलीच्याच शाळेत होती.

या चाचणीला आम्ही बंप टेस्ट म्हणतो. माहीत असलेला गॅस क्षणभर सोडायचा आणि यंत्र ओरडतं का ते बघायचं. एवढंच काम आहे, एक-दोन मिनिटांचं, आणि ते वापराच्या प्रत्येक दिवशी सकाळी करायचं असतं. कॅलिब्रेशन, म्हणजे आकडा बरोबर आहे का हे जुळवून घेणं, कंपनी सांगेल तेवढ्या महिन्यांनी. सेन्सरचं आयुष्य साधारण दोन-तीन वर्षं असतं आणि ऑक्सिजनचा सेल तर यंत्र कपाटात पडून राहिलं तरी झिजतो. म्हणून मी म्हणतो, कपाटात ठेवायला डिटेक्टर घ्यायचाच असेल तर घेऊ नका. यंत्र नसलं तर माणूस निदान घाबरून असतो. मेलेलं यंत्र त्याला धीर देऊन आत पाठवतं. खरेदीच्या ठरावात यंत्राबरोबर टेस्ट गॅसचं नळकांडं, रेग्युलेटर, जादा फिल्टर आणि पुढच्या सेन्सरचा खर्च लिहिलेला नसेल, तर तो ठराव अर्धाच आहे.

चार वायूंचं यंत्र सगळीकडे चालतं, असंही समजू नये. आपल्या भागातल्या बर्फाच्या कारखान्यात किंवा शीतगृहात अमोनिया असतो, त्याला अमोनियाचाच सेल लागतो. पाणीपुरवठ्याच्या टाकीवर क्लोरीनचं सिलिंडर असेल तर क्लोरीनचा. साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत मळी आंबते तिथे कार्बन डायऑक्साइड तयार होतो आणि तो या चारांत मोजलाच जात नाही. महामार्गालगतच्या गॅरेजमध्ये पेट्रोलचे रिकामे टँकर वेल्डिंगला येतात, तिथली गोष्ट आणखी वेगळी. मिथेनवर जुळवलेलं यंत्र पेट्रोलची वाफ खरी असते त्यापेक्षा कमी दाखवतं, आणि पेट्रोलची वाफ दीड टक्का व्हायच्या आतच पेटते. पडद्यावर दिसतो त्याच्या दुप्पट आकडा प्रत्यक्षात असू शकतो. त्यासाठी कंपनीने दिलेला गुणक लावावा लागतो. रिकामा टँकर भरलेल्यापेक्षा जास्त धोक्याचा असतो, हे ड्रायव्हर लोकांना माहीत असतं. वेल्डरला कुणी सांगत नाही.

सरपंचसाहेब, टाकीत बऱ्याचदा माणूस एकटा मरत नाही. ९ एप्रिल २०२४, गुढीपाडवा. नेवासा तालुक्यातल्या वाकडी गावात शेणाच्या स्लरीने भरलेल्या जुन्या विहिरीत मांजर पडलं. ते काढायला एक जण उतरला, त्याला काढायला दुसरा, आणि असं करत सहा जण. पाच गेले. जो वाचला त्याच्या कमरेला दोर होता. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०२३ मध्ये, बारामती तालुक्यातल्या खांडजला अशाच एका चेंबरने चार जणांना नेलं. ही माणसं बेफिकीर नव्हती. बाप बुडताना दिसला की मुलगा उडी मारतोच, त्याला थांबवायचं तरी कसं? अमेरिकेतल्या निऑश या संस्थेने १९८६ मध्ये सांगितलं होतं की बंदिस्त जागेतल्या मृत्यूंत साठ टक्क्यांहून जास्त लोक वाचवायला गेलेले असतात. म्हणून यंत्राबरोबर तिपाई, हार्नेस आणि दोर हवाच. वरच्या माणसाला आत न जाता खालच्याला ओढून काढता आलं पाहिजे.

हे काही मी नवीन मागत नाही. १९४८ च्या कारखाने कायद्याच्या कलम ३६ ने बंदिस्त जागेसाठी हेच सांगितलं होतं. जाणकार माणसाने स्वतः चाचणी करून लेखी दाखला द्यायचा, नाहीतर उतरणाऱ्याच्या तोंडावर श्वसनयंत्र आणि कमरेला दोर हवा, आणि दोराचं दुसरं टोक बाहेरच्या माणसाच्या हातात. कारखान्याच्या भिंतीआड हे पाळलं जातं ते इन्स्पेक्टरच्या धाकाने. भिंतीबाहेरच्या टाकीसाठी २०१३ चा हाताने मैला साफ करण्यावर बंदी घालणारा कायदा आहे. साधनांशिवाय माणसाला टाकीत उतरवणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यालाच दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. त्याच कायद्याच्या नियमांत साधनांची यादी आहे आणि तिच्यात चार वायूंचा मॉनिटर नाव घेऊन लिहिला आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई दहा लाखांवरून तीस लाखांवर नेली. पण भरपाई माणूस गेल्यावर मिळते. मी त्याआधीचं बोलतो आहे.

एक गैरसमज होऊ नये म्हणून स्पष्ट लिहितो. डिटेक्टर आला म्हणजे माणूस उतरवायचा परवाना मिळाला, असं नाही. मैला उपसायचं काम सक्शन टँकरचंच आहे आणि टाकीत उतरणारी माणसं पिढ्यान्‌पिढ्या कोणत्या वस्त्यांमधून बोलावली जातात हे आपल्या प्रत्येक गावाला ठाऊक आहे. ते थांबलंच पाहिजे. तरीही नळी तुंबते, पंप अडकतो, बांधकामावरची नवी टाकी आतून प्लास्टर करायची असते, आणि कुणीतरी म्हणतं, दोन मिनिटांचं काम आहे. यंत्र हवं ते त्या दोन मिनिटांसाठी. बहुतेक वेळा ते उतरू नका असंच सांगेल. ते ऐकायची सवय आपल्याला लावून घ्यायची आहे.

आपल्या दोन्ही ग्रामपंचायतींनी मिळून एक संच घ्यावा: पंपाचा चार वायूंचा डिटेक्टर, टेस्ट गॅस, ब्लोअर, तिपाई, हार्नेस. यंत्राची किंमत एखाद्या चांगल्या मोबाइलच्या आसपास येते आणि वित्त आयोगाच्या निधीत स्वच्छतेसाठी राखलेला हिस्सा असतो. संच पंचायतीच्या कार्यालयात राहील आणि सोसायटी असो, मंगल कार्यालय असो की हॉटेल, टाकी उघडण्याआधी तो नोंद करून न्यावा लागेल. आपल्या हद्दीत उपसा करणाऱ्या प्रत्येक टँकरमालकाची पंचायतीत नोंदणी असावी आणि त्याच्या माणसांना यंत्र हाताळायला शिकवल्याशिवाय ती होऊ नये. सोसायट्यांच्या अध्यक्षांना लेखी कळवावं की टाकीत माणूस उतरला तर कायद्याने जबाबदारी त्याला कामाला लावणाऱ्यावर येते, आणि कामाला लावणारे ते स्वतःच असू शकतात. आमच्याकडच्या मोठ्या कंपन्या सामाजिक निधीतून शाळेला बाक देतात. त्यांच्या सुरक्षा विभागाकडून यासाठी एक दिवसाचं प्रशिक्षण मागितलं तर ते नाही म्हणतील असं मला वाटत नाही, कारण हे काम त्यांच्या रोजच्या सवयीचं आहे.

कुणी सांभाळायचं, हा प्रश्न उरतो आणि तोच खरा प्रश्न आहे. पंचायतीत दोन तरुण नेमा, एक रजेवर असला तरी दुसरा हजर असेल असे. त्यांना शिकवायचं काम माझं. दर सोमवारी सकाळी नऊ वाजता मी कार्यालयात येईन, त्यांच्याकडून बंप टेस्ट करून घेईन आणि वहीत तारीख, आकडा आणि सही घालायला लावीन. मानधन नको. पहिलं टेस्ट गॅसचं नळकांडं मी माझ्या पैशाने आणतो.

पुढच्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घ्यावा, ही विनंती. बोलावलंत तर यंत्र घेऊन येतो आणि सभागृहातच चालवून दाखवतो.

आपला,
लोणी काळभोरचा एक निवृत्त इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक